तुमच्या वस्तादांचे वस्ताद कोण?

पट्टेकरी (कोल्हापूर) | सोमवार, रात्री ९.४०

रामराम मंडळी. वय ६७. पेठेतल्या तालमीत लाठी, फरी-गदगा (ढाल आणि काठी), विटा (दोरी बांधलेला भाला) आणि दांडपट्टा शिकवतो. येत्या दसऱ्याला शिकवायला लागून ४१ वर्षं होतील. एक गोष्ट आठवडाभर डोक्यातून जात नाही म्हणून इथे मांडतो.

तालमीला नवा रंग दिला. पोरांनी ठरवलं, दर्शनी भिंतीवर गुरुपरंपरेचा फलक लावायचा. मजकूर त्यांनीच लिहून आणला. वर मोठ्या अक्षरात ‘शिवकाळापासून अखंड परंपरा’. सगळ्यांत खाली माझं नाव, त्यावर माझ्या वस्तादांचं, त्यावर ‘त्यांचे वस्ताद’, आणि त्याच्या वर थेट जिवा महाला.

मी फलक लावू दिला नाही. पोरं हिरमुसली. चांगली पोरं आहेत, पहाटे पाचला हजर असतात, त्यांना वाईट वाटलं याचं मलाही वाईट वाटतंय. पण जे मला ठाऊक नाही ते माझ्या वस्तादांच्या नावावर कसं लिहू?

मला ठाऊक आहे ते एवढंच. माझे वस्ताद मिलमध्ये पाळीवर जायचे आणि पाळी संपली की तालमीत यायचे. मी अकराव्या वर्षी त्यांच्याकडे गेलो. त्यांचे वस्ताद संस्थानच्या पागेत नोकरीला होते, सगळे त्यांना ‘पागेतले’ म्हणूनच ओळखायचे. नाव मी एकदा विचारलं होतं. वस्ताद म्हणाले, “मी कवा इचारलं न्हाई. त्यांनी हात दिलं, मी घेतलं.” हात म्हणजे हत्यार चालवायचे प्रकार. झालं. तीन पिढ्या, त्यातली एक बिननावाची.

तुम्हा जुन्या शिकवणाऱ्यांना विचारतो. तुम्ही कुणाकडे शिकलात, ते कुणाकडे शिकले, कुठवर सांगता येतं? आणि फलकावर काय लिहावं?

---

लालमाती (सांगली) | सोमवार, रात्री १०.२५

पट्टेकरीदादा, बरं केलंत. मी कुस्तीतला. वय ७१, गुडघे दोन्ही गेलेले, पण अजून हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला खुर्ची टाकून बसतो.

कुस्तीत परंपरा एकाच पायरीची विचारतात. जत्रेच्या मैदानात पुकारणारा गावाचं नाव घेतो, तालमीचं घेतो आणि म्हणतो ‘अमुक वस्तादांचा पठ्ठा’. तेवढ्यावर जोड लागते. आजोबा-पणजोबा वस्ताद कोण, हे कुणी विचारत नाही. पण ती एक पायरी नसेल तर मैदानात उभं राहायची लाज वाटते. मी एकदा वस्तादांशी भांडून दुसऱ्या तालमीत गेलो होतो. पहिल्याच मैदानात पुकारणाऱ्यानं विचारलं, कुणाचा पठ्ठा? तोंडातून जुन्याच वस्तादांचं नाव गेलं. नव्या वस्तादांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मला हाताला धरून परत सोडून आले. त्या माणसाचं मोठेपण मला पन्नाशीत कळलं.

पहिले चार महिने मला डाव नाही, फक्त खोरं दिलं होतं. रोज हौदा खणायचा, माती भुसभुशीत करायची, खडा निघाला तर बाहेर. मग जोर-बैठका. मग मोठ्या पैलवानांची अंगं रगडायची. पाचव्या महिन्यात वस्ताद म्हणाले, उतर. पहिला शिकवला तो डाव नव्हता. पडायचं कसं, ते शिकवलं.

---

गडकोट | सोमवार, रात्री ११.०२

काका, आदर ठेवून असहमत. १६५९ साली प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार जिवा महालांनी अडवला म्हणून ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ असं आजही घराघरात म्हणतात. २०२४ च्या शिवजयंतीला सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला. हे शस्त्र मराठ्यांचं आहे, तुम्ही ते आजही फिरवता, मग परंपरा अखंड नाही तर काय? मधली नावं कुणी लिहून ठेवली नाहीत याची शिक्षा परंपरेला का? आपणच आपल्या गोष्टी कमी करून सांगायच्या, ही सवय सोडली पाहिजे.

मी स्वतः पाच वर्षं लाठी शिकतोय. पोरांची बाजू मला समजते.

---

अढीदसरंग (पुणे) | मंगळवार, सकाळी ६.१५

मी मल्लखांबातली. ३६ वर्षं शिकवलं, आता निवृत्त. गडकोट, तुमचं म्हणणं मनापासून आलंय, पण त्यात दोन वेगळे प्रश्न एक झालेत. विद्या किती जुनी आहे आणि माझा धागा कुठवर जातो, हे निरनिराळं आहे.

आमचंच बघा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात मल्लविद्येचं प्रकरण आहे, त्यात खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख सापडतो. पण आज आम्ही जे करतो त्याचं मूळ पुरुष मानतो ते बाळंभटदादा देवधर यांना, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात. आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे: निजामाकडून अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्याला आले, पेशव्यांच्या दरबारी आव्हान दिलं, बाळंभटदादांनी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन अनुष्ठान केलं आणि तिथे मारुतीनं खांबावर कसरत दाखवली. मी हे मुलींना दरवर्षी सांगते आणि आख्यायिका म्हणूनच सांगते. मारुतीला नमस्कार केल्याशिवाय माझ्याकडे कुणी खांबाला हात लावत नाही.

मानसोल्लास आणि बाळंभटदादा यांच्यामध्ये सहा-सातशे वर्षं आहेत. त्या मधल्या काळातलं एकही नाव मला सांगता येत नाही. आणि बाळंभटदादांपासून माझ्या गुरुजींपर्यंतसुद्धा मी नुसतं ‘त्यांच्या शिष्यशाखेतले’ एवढंच ऐकलंय. म्हणून मी माझी परंपरा सांगते ती माझ्या गुरुजींपासून.

गुरुजींनी पहिलं शिकवलं ते एरंडेल लावणं. खांबाच्या मानेला किती, अंगाला किती, आणि तेल लावलेल्या हातानं दोराला हात लावायचा नाही. साधी अढी, म्हणजे पायांनी खांब धरणं, तीन आठवडे. रडकुंडीला आले होते.

---

शेवगाकाठी | मंगळवार, सकाळी ८.३०

वाचतोय. असा धागा फार दिवसांनी आला. लिहित राहा सगळे.

---

काळापट्टा_ठाणे | मंगळवार, दुपारी १.१०

तुमच्या मातीतला नाही, पण विषय माझाही. ३८ वर्षं कराटे शिकवतो. आमच्याकडे भिंतीवर फोटोंची रांग असते आणि ती जवळजवळ धर्मासारखी जपली जाते. मीही जपली. नंतर वाचायला लागलो.

फुनाकोशी गिचिन ओकिनावाहून टोकियोला आले आणि कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं ते १९२२ साली. त्याच्या आधी वीसेक वर्षं त्यांचे गुरू इतोसू यांनी ओकिनावातल्या शाळेत ही विद्या नेली आणि पोरांना झेपावी म्हणून सोपे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, बांधले. आज मी सात वर्षांच्या मुलाला पहिल्या वर्षी शिकवतो ते त्यांतलेच. ‘कराटे’ या शब्दाचा अर्थ आधी ‘चिनी हात’ असा लिहिला जाई. १९३६ मध्ये नाहा शहरात जाणत्या लोकांची बैठक झाली आणि ‘रिकामा हात’ हे लिखाण ठरलं. मूळ चीनकडे जातं, हे नावातूनच गेलं.

आणि ज्याच्यासाठी पोरं जीव टाकतात तो काळा पट्टा? दान ही पायरी जिगोरो कानो यांनी ज्युडोसाठी आणली, १८८३ साली. कोदोकान ही ज्युडोची शाळा त्यांनी काढली १८८२ मध्ये. कराटेत फुनाकोशींनी दान दिले १९२४ मध्ये. हे कळलं त्या रात्री मी पट्टा हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. मग सकाळी तोच बांधून वर्गाला गेलो. तो मला माझ्या सेन्सेईंनी, म्हणजे गुरूंनी, बांधला होता, ते पुरेसं होतं.

पट्टेकरीकाका, जिवा महालांचं नाव फलकावर असावं, पण वेगळ्या ओळीत. वंदन म्हणून. तुमच्या वस्तादांच्या डोक्यावर जोडून नको.

---

गडकोट | मंगळवार, दुपारी २.४५

काळापट्टा सर, वेगळ्या ओळीची कल्पना चांगली आहे. पण एक फरक आहे. ओकिनावातल्या विद्येला शाळेनं उचललं. आपल्याकडे १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि हत्यार बाळगायलाच परवाना लागायला लागला. पट्टा शिकवणारा माणूस नाव कसं आणि कुठे लिहून ठेवणार होता? ‘पागेतले’ यांचं नाव का नाही, याचं उत्तर यातही असू शकेल. नाव नाही म्हणून माणूस नव्हता असं होत नाही.

---

पट्टेकरी (कोल्हापूर) | मंगळवार, रात्री ९.१५

गडकोट बाळ, हे मात्र तू मनाला लागेल असं बोललास. माणूस नव्हता असं मी म्हणत नाही. होता म्हणूनच त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं नाही, मग ते कितीही मोठं असो.

---

लाठीताई (नाशिक) | मंगळवार, रात्री १०.५०

फलकांबद्दल माझंही एक सांगते. वडिलांच्या मागे लागून मी नऊ वर्षांची असताना लाठी शिकायला गेले. वस्ताद म्हणाले, पोरगी आहे, अंधार पडल्यावर घेऊन या, लोक बोलतात. दोन वर्षं मी दिवेलागणीनंतर मागच्या अंगणात शिकले, एका कंदिलात. त्यामुळे मला लाठी दिसायची कमी, ऐकू जास्त यायची. आजही विद्यार्थिनीची लाठी सुटतेय की नाही ते मी पाठ करून उभी असले तरी आवाजावरून सांगते. वस्तादांनी मला काही राखून ठेवून शिकवलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. दुहेरी लाठी त्यांनी मुलांच्या आधी मला दिली.

ते गेल्यावर शिष्यांनी फलक केला. चौदा नावं होती. माझं नव्हतं. त्यातल्या चौघांनी लाठी सोडून वीस वर्षं झाली होती आणि माझ्याकडे तेव्हा साठ मुली शिकत होत्या. भांडले नाही. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीकडून वस्तादांचं नाव पाठ करून घेते, इतकंच.

काका, फलक कराल तेव्हा खाली बाजूलाही बघा. वरची नावं शोधताना खालची राहतात.

---

अढीदसरंग (पुणे) | मंगळवार, रात्री ११.२०

ताई, कंदिलाचं वाचून डोळे भरून आले.

---

बेळगावचा_बंडू | बुधवार, सकाळी ७.०५

लालमातीआण्णा, हौद्याच्या मातीत तुमच्याकडे काय काय घालायचे? आमच्याकडे ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि थोडा कापूर. घरी आजी म्हणायची, या मातीला फोडणी तेवढी द्यायची राहिली.

---

लालमाती (सांगली) | बुधवार, सकाळी ७.४०

तेच सगळं, आणि ऐपत असेल तसं तूप. हळदीनं खरचटलेलं चिघळत नाही, ताकानं माती थंड राहते. आमच्या गावात ताक प्रत्येक घरातून यायचं, पाळीनं. ज्या घरात पैलवान नाही तेही द्यायचे. त्यामुळे मैदान मारून आलो की सगळं गाव म्हणायचं, आमच्या ताकावर जिंकला.

थंडाईचा विषय काढू नका, धागा तिकडेच जाईल. बदाम किती, यावर आमच्याकडे सोयरिकी मोडल्यात.

---

बडोदेकर | बुधवार, दुपारी १२.३०

बडोद्याची एक गोष्ट या धाग्यात हवीच. राजरत्न माणिकराव हे नाव व्यायामाच्या क्षेत्रात मोठं. कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी आपल्या भाषेत देण्यासाठी झटलेला माणूस, हाडवैद्यही. त्यांचा आखाडा आजही ओळखला जातो तो त्यांच्या स्वतःच्या नावानं नव्हे. जुम्मादादा व्यायाम मंदिर. जुम्मादादा हे त्यांचे गुरू, मुसलमान. शिष्य हिंदू. शिष्यानं आयुष्यभर जे उभं केलं त्यावर नाव गुरूचं.

‘वस्ताद’ हा शब्दच मुळी फारसी ‘उस्ताद’वरून आपल्याकडे आलेला. शाहू महाराजांनी उत्तरेतले, पंजाबातले मल्ल कोल्हापुरात आणून ठेवले, त्यांचे डाव आपल्या पोरांच्या अंगात उतरले. आपल्या परंपरेचे धागे सरळ रेषेत वर जात नाहीत, आडवेही जातात. फलकावर रेषा काढताना हे लक्षात असू द्या.

---

कऱ्हाडकर | बुधवार, दुपारी ४.००

बडोदेकरांना अनुमोदन. आमच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. पहिले वस्ताद घरातच, वडील दादासाहेब. शिक्षण लाल मातीवर. १९४८ ला लंडनला गेले, सहावे आले. मॅटची सवय नव्हती. तिथे त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन मल्लानं शिकवलं. मग १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले.

आता त्यांचा परंपरेचा फलक करा म्हटलं तर काय कराल? वडील, कोल्हापुरातले मार्गदर्शक, एक अमेरिकन, आणि मी म्हणेन खर्डीकर सरही. त्यांनी एक डाव शिकवला नाही, पण त्यांच्याशिवाय ती कुस्ती झालीच नसती.

---

लालमाती (सांगली) | बुधवार, संध्याकाळी ६.२०

खरं आहे. आंदळकर आणि मारुती माने १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून प्रत्येकी एक सुवर्ण, एक रौप्य घेऊन आले, आणि त्यातही ग्रीको-रोमन पद्धतीत आंदळकरांना सुवर्ण. जी आपल्या मातीत खेळलीच जात नाही. माती पक्की असली की वरचं पीक कुठलंही येतं. पुढे त्याच आंदळकरांनी मोतीबाग तालमीत कितीतरी पोरं घडवली.

---

पोथीतली_लाठी | बुधवार, रात्री ९.००

खूप दिवस हे कुणाला सांगितलं नव्हतं. मला वस्ताद नाही.

आमच्या गावात शिकवणारे होते ते माझ्या जन्माआधीच गेले. मी तालुक्याच्या वाचनालयात बडोद्याचा व्यायामज्ञानकोश पाहिला, मुजुमदारांनी संपादित केलेला, दहा खंडांचा. चित्रं बघून वहीत उतरवली आणि शेतात एकटा करत राहिलो, सहा वर्षं. पहिली दोन वर्षं मी उजवा हात डावीकडे करत होतो, कारण चित्रातला माणूस माझ्यासमोर तोंड करून उभा होता. पुढे गावोगाव जाऊन ज्येष्ठांना दाखवलं, त्यांनी चुका काढल्या. आज चाळीस मुलं शिकतात. माझ्या फलकावर काय लिहू?

---

लाठीताई (नाशिक) | बुधवार, रात्री ९.२५

ज्यांनी चुका काढल्या त्यांची नावं लिहा दादा. सगळ्यांची.

---

काळापट्टा_ठाणे | बुधवार, रात्री ९.४०

@पट्टेकरी काका, तुम्हाला पहिला हात कोणता दिला ते सांगितलंच नाहीत.

---

पट्टेकरी (कोल्हापूर) | गुरुवार, पहाटे ५.३०

हात नंतर, आधी सलामी. आणि ती आमची जरा निराळी आहे. बहुतेक ठिकाणी माती कपाळाला लावतात. आमच्यात पट्ट्याचं टोक खाली, डाव्या टाचेनं आपल्यापुढे अर्धं वर्तुळ काढायचं, त्या रेषेवरची मातीची चिमूट उचलून खोबळ्याला, म्हणजे हात झाकणाऱ्या पट्ट्याच्या मुठीला, लावायची. कपाळाला नाही. मी विचारलं होतं, असं का? वस्ताद म्हणाले, मातीचा मान हत्याराला, आपण मधले.

मग सहा महिने नुसते पवित्रे, हातात काही नाही. नंतर बांबूची कामटी. पट्ट्यात मनगट खोबळ्यात अडकलेलं असतं, वळत नाही. सगळी फिरकी कोपरातून आणि खांद्यातून. मनगटानं फिरवायची सवय असलेली पोरं इथे अडतात. वस्ताद मनगटाला सुती पट्टी घट्ट बांधून घरी पाठवायचे. जेवायचं, दप्तर उचलायचं, सगळं त्यातच. आई चिडायची. लोखंडी पट्टा हातात आला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो.

पोथीतली_लाठी, तुम्ही जे केलंत ते सोपं नाही. कधीही तालमीत या.

---

शिराळकर | गुरुवार, रात्री १०.१०

मी इथे फक्त वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. माझे आजोबा पट्टा शिकवायचे. आता ८९ वर्षांचे आहेत. पहाटेचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. टाचेच्या अर्ध्या वर्तुळावर आलो आणि ते उठून बसले.

आमच्या घरात सलामी अशीच आहे. डावी टाच, चिमूट, खोबळ्याला. मला वाटायचं सगळीकडे अशीच असते. आजोबा तरुणपणी दोन वर्षं कोल्हापुरात कामाला होते, तिथेच शिकले. मी विचारलं, कुणाकडे? म्हणाले, पागेतल्यांकडे.

पट्टेकरीकाका, ते नाव आजोबांना माहीत आहे. मला सांगितलंही. पण म्हणाले, असं लिहून पाठवायचं नाही, ज्याला पाहिजे त्याला समोर बसवून सांगेन. आणि आधी त्याची सलामी बघेन.

---

अढीदसरंग (पुणे) | गुरुवार, रात्री १०.१८

अंगावर काटा आला.

---

गडकोट | गुरुवार, रात्री १०.३०

काका, मी कोल्हापुरातच आहे. गाडी आणतो. ‘शिवकाळापासून अखंड’ तो फलक पोरांनी कुणाकडून लिहून घेतला होता, ते आता सांगायला हवं. अक्षर माझं होतं. मी तुमच्या तालमीतल्या दोघांचा मित्र.

---

पट्टेकरी (कोल्हापूर) | शुक्रवार, पहाटे ५.१०

रात्रभर झोप नाही. वस्तादांना जाऊन २३ वर्षं झाली. हे त्यांना सांगायला पाहिजे होतं.

गडकोट, अक्षर सुंदर आहे तुझं. नवा फलक तूच लिही. वर जिवा महालांना वंदन, वेगळ्या ओळीत. खाली पागेतल्यांसाठी एक ओळ कोरी ठेव. मग माझे वस्ताद. मग मी, आणि माझ्या शेजारी शिराळ्याचे आजोबा, त्यांची इच्छा असेल तर. खाली आज शिकणाऱ्या सगळ्यांची नावं, मुलींची धरून. लाठीताईंनी सांगितलं तसं.

शिराळकर, रविवारी येऊ का? आजोबांना काय आणू?

---

शिराळकर | शुक्रवार, सकाळी ६.४५

या. काही आणू नका, तुमचा पट्टा तेवढा आणा. ते सहाला उठून आपला पट्टा पुसतात, त्या वेळी पोचलात तर बरं.